गोल पत्त्यांचा डाव

दुधनीच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना 52 पत्त्यांचा डाव तुम्हीही मांडला असेल. पण पत्ते 120 असले तर? आणि तेही गोल! ही आपली दशावतारी गंजिफा. मत्स्य, कूर्म, वराह... 10 अवतारांचे 10 रंग. प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. तिघांनी खेळायचं, 40-40 पानं. गंमत म्हणजे दिवसा पहिली उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या!

1970 च्या सुमारास सावंतवाडीत हे पत्ते रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला, जुन्या कारागिराकडून ही कला पुढच्यांच्या हाती आली. राजवाड्यात जुन्या नमुन्यांवरून नवे संच हातानं रंगवले जाऊ लागले.

पण बरेच संच जातात थेट काचेच्या कपाटात. चित्रं वाचली, खेळ मात्र विसरला! हे काही मला पटत नाही बुवा. घरी आजी-आजोबांना नियम आठवतात का, विचारा. संच महाग वाटला तर पुठ्ठ्यावर डबीचं झाकण ठेवून 120 चकत्या कापा; मासा, कासव तुम्हीच काढा. आणि हो, 5 रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या 5 रंगांत एक्का, बरं का!