‘ढ’ मुलाची बाजू

मराठी घरात ‘ढ’ हे एक अक्षर एखाद्या मुलाला चिकटले की ते सहसा सुटत नाही. पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेख होतो, भावंडे त्यावरून चिडवतात आणि काही दिवसांनी तो मुलगाच ते खरे मानू लागतो. आपल्या बालवाङ्मयाने या मुलाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या गुणी आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चपळ आणि धाडसी आहे. असे नायक हवेतच. पण परीक्षेत शून्य मिळवणारा, खेळात हरणारा, मार खाऊन रडत घरी येणारा मुलगा नायक म्हणून आपल्या दिवाणखान्यात आला तो थेट जपानमधून, आणि तोही हिंदी बोलत. त्याचे नाव नोबिता. ‘डोरेमॉन’ ही मालिका निळ्या मांजराच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती खरी नोबिताची गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही चित्रकथा फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून सुरू केली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने ती जपानमध्ये घरोघरी नेली. भारतात ती २००५ च्या सुमारास आली आणि पाहता पाहता मुलांच्या जेवणाच्या वेळा तिच्यावर ठरू लागल्या. कथेचा पाया साधा आहे. नोबिता मोठेपणी इतके कर्ज करून ठेवतो की ते त्याच्या नातवाच्या नातवापर्यंत, म्हणजे सेवाशीपर्यंत पोहोचते. मग हा सेवाशी बाविसाव्या शतकातून एक यंत्रमांजर पाठवतो. ते नोबिताच्या टेबलाच्या खणातून बाहेर येते आणि त्याला सुधारण्याच्या कामाला लागते. गंमत म्हणजे हे मांजरही कारखान्यातून निघालेला कमअस्सल माल आहे. त्याचे कान उंदराने कुरतडले आहेत आणि उंदीर दिसला की त्याची पळापळ होते.

या मालिकेवर पालकांचा राग आहे, आणि तो केवळ आपल्याकडेच नाही. बांगलादेशात २०१३ मध्ये हिंदीतील ‘डोरेमॉन’चे प्रक्षेपण बंद करण्यात आले, मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली, ही तिथली मुख्य तक्रार होती. पाकिस्तानातील पंजाबच्या विधानसभेत २०१६ मध्ये बंदीची मागणी करणारा ठराव मांडला गेला. आपल्याकडची तक्रार अशी, की नोबिता आळशी आहे, अभ्यास टाळतो, आईशी खोटे बोलतो आणि अडचण आली की ‘डोरेमॉन, काहीतरी दे’ म्हणून गळा काढतो. मग आपली मुले काय शिकणार?

तक्रार वरवर पाहता बरोबर आहे. पण मालिका शेवटपर्यंत पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसते. मांजराच्या पोटातील खिशातून निघालेले यंत्र बहुतेक वेळा नोबिताला वाचवत नाही, उलट गोत्यात आणते. पाठांतराच्या पावाची गोष्ट घ्या. वहीच्या पानावर पाव दाबायचा, मजकूर त्यावर उमटतो, पाव खाल्ला की सारे पाठ! नोबिता अधाशासारखा खातो, त्याचे पोट बिघडते आणि खाल्लेले सगळे ज्ञान पोटातून निघून जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अपेक्षित’ प्रश्नसंचावर तुटून पडणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा कोणता द्यायचा? आळसाला मालिकेने कधी बक्षीस दिलेले नाही. तिने फक्त आळशी मुलाला घराबाहेर काढलेले नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तोच आपण विसरतो.

नोबिताचे मूळ समजायचे असेल तर आजीची गोष्ट पाहावी. तो लहान असतानाच आजी वारली आहे. एके दिवशी तो कालयंत्रातून मागे जाऊन तिला भेटतो. समोर उभा असलेला हा मोठा मुलगा आपला तीन वर्षांचा नातूच आहे, यावर आजी क्षणभरही शंका घेत नाही. तिला त्याला दप्तर घेतलेले पाहायचे आहे. ते पाहिल्यावर त्याची नवरीही पाहायची आहे. २००० साली यावर स्वतंत्र लघुपट निघाला आणि २०२० च्या चित्रपटाचाही आधार हीच गोष्ट होती. या घरात नोबिताला गुणपत्रिका न पाहता जवळ घेणारे माणूस होते, हे त्या गोष्टीतून कळते. आई रागावते, पण तिला रोजचा संसार चालवायचा आहे. आजीचे काम वेगळे असते. आपल्या घरांतही ते तसेच असे, आणि विभक्त कुटुंबांत ते कोणी करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जियानबद्दलही माझे मत लोकमताहून थोडे वेगळे आहे. तो दांडगट आहे, दुसऱ्याच्या वस्तू हिसकावतो, बेसूर गाणे सक्तीने ऐकवतो, हे सगळे खरे. पण १९८० च्या पहिल्या चित्रपटात, डायनासोरच्या पिल्लाला त्याच्या घरी पोहोचवण्याच्या प्रवासात, सगळे थकून हात टेकण्याच्या बेतात असताना ‘मी नोबिताबरोबर चालणार’ अशी भूमिका जियान घेतो. कारण संकटात नोबिताने त्याचा हात सोडलेला नसतो. लहानपणी ज्याने बुकलले तोच पुढे आयुष्यभराचा मित्र झाला, असा अनुभव अनेकांचा असेल. खरी भीती वाटते ती सुनिओची. तो स्वतः मारत नाही. बलवानाच्या मागे उभा राहून हसतो. असे सुनिओ पुढे कचेऱ्यांतही भेटतात.

आणि शिझुका? पुढे ती नोबिताशी लग्न करते, यावर मुलेसुद्धा नाक मुरडतात. वर्गात हुशार, देखणा, सालस डेकिसुगी असताना हा कशाला? याचे उत्तर लग्नाच्या आदल्या रात्रीच्या गोष्टीत शिझुकाचे वडील देतात. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणारा आणि दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणारा हा मुलगा आहे, तुझी निवड बरोबर आहे, अशा आशयाचे ते बोलतात. मुलीचे स्थळ पाहताना पगार, फ्लॅट आणि गाडी विचारणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रसंग एकदा पाहावा.

तरीही सगळे गोड आहे असे नाही. शिझुका न्हाणीघरात असताना नोबिता तिथे टपकतो, हा विनोद मला कधीच विनोद वाटला नाही. मुलींसमवेत बसून पाहताना तो खटकतो आणि खटकायलाच हवा. शिवाय नोबिताचे नशीब सुधारल्याची खूण म्हणून जियानच्या बहिणीऐवजी शिझुका बायको मिळणार, हे गणित दोघींवरही अन्याय करणारे आहे. त्या बहिणीला, जाईकोला, चित्रकथा काढण्याची मनापासून ओढ आहे. ती कोणाचे दुर्दैव कशी ठरेल? आणि शिझुकाला रताळी प्रिय आहेत, तिचे व्हायोलिन ऐकवत नाही, म्हणजे तीही हाडामांसाची मुलगी आहे. तिच्या वाट्याला अधिक गोष्टी यायला हव्या होत्या.

माझ्या मते या साऱ्याचे सार १९७४ मधील निरोपाच्या कथेत आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जायचे आहे, पण नोबिताच्या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिता कुठल्याही यंत्राशिवाय जियानशी भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला बिलगतो, सोडतच नाही. अखेर जियानच कंटाळून हार मानतो. आपण एकटे निभावू शकतो हे नोबिताला दाखवायचे असते, पण ते स्वतःच्या बढाईसाठी नव्हे. मित्राला निश्चिंत मनाने जाता यावे म्हणून. पुढच्याच कथेत डोरेमॉन परत येतो, हा भाग वेगळा.

१९९६ मध्ये फुजिओ यांचे निधन झाले आणि या कथेला त्यांच्या हातचा अधिकृत शेवट मिळालाच नाही. नोबिता पहिला आला, असे ते लिहून गेले नाहीत. तो जसा आहे तसाच राहिला, आणि मांजरही त्याच्याजवळच राहिले. पालकांनी ही मालिका बंद करण्याआधी एवढा विचार करावा. आपल्या मुलाला त्या पडद्यावर काय दिसते? फुकटची यंत्रे दिसतात, हे खरेच. पण शून्य गुण मिळाल्यावरही संध्याकाळी आपल्या शेजारी येऊन बसणारे कोणीतरी दिसते, हेही खरे आहे. अभ्यास मागे पडलेल्या मुलाला यातली दुसरी गोष्ट घरी मिळत असेल, तर पहिलीची चिंता करण्याचे फारसे कारण नाही.