समलिंगी विवाह आणि लोकमताची मोजदाद

शाळेच्या वार्षिकांकात हा विषय कशास, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल, हे मी जाणून आहे. परंतु जो विषय वरच्या वर्गातील मुले वर्तमानपत्रांत वाचतात आणि ज्याविषयी घरी बोलावयास संकोचतात, त्यावर शिक्षकानेही मौन धरावे, हे मला उचित वाटत नाही. दोन पुरुषांस अथवा दोन स्त्रियांस परस्परांशी कायदेशीर विवाह करता यावा की नाही, याबद्दल आपल्या देशात तीव्र मतभेद आहेत. ते कोणत्या मापाने मोजावयाचे, एवढ्यापुरतेच मला लिहावयाचे आहे.

प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा जोडप्यांचीही नोंद व्हावी, ही मागणी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुनावणीस आली. त्याच सुमारास भारतीय वकील परिषदेने ठराव करून देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक या कल्पनेच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. त्याच वर्षी प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३ टक्के भारतीयांनी अनुकूल आणि ४३ टक्क्यांनी प्रतिकूल मत नोंदविले होते. एक देश, एक वर्ष आणि आकडे हे असे! हजारांत एखादाच मनुष्य अनुकूल निघावा, हे निदान मला तरी संभवनीय वाटत नाही. केंद्र शासनाने राज्यांकडेही विचारणा केली. सात राज्यांची उत्तरे न्यायालयापुढे आली. राजस्थान, आंध्र प्रदेश व आसाम यांनी विरोध कळविला, तर महाराष्ट्रासह चौघांनी विचारास अवधी हवा म्हणून सांगितले. त्यात या चौघांचे उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटते.

विरोध करणारांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. विवाह हा संस्कार आहे, त्यात वंशसातत्याचा हेतू आहे, कुटुंबाची घडी त्यावर बसली आहे, असे ते म्हणतात व मनापासून म्हणतात. परंतु मागणी होती ती नोंदणीची. कोणत्याही पुरोहितास सप्तपदी घालावयास कोणी लावीत नव्हते. शिवाय उतारवयात विवाह करणाऱ्या स्त्रीपुरुषांस वंशसातत्याविषयी आपण कधी विचारीत नाही.

१८५६ मध्येच विधवाविवाह कायदेशीर झाला होता. तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांस वाळीत टाकले. त्या दिवशी मुरुडात हात वर करून मते मोजली असती, तर कर्व्यांच्या बाजूने किती हात वर झाले असते?

सीमाभागात राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट समजावयास कठीण जाऊ नये. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणीतील मराठी माणूस राज्यात अल्पसंख्य झाला. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे कलम त्याच वर्षी घटनेत आले. ते आपल्या शेजाऱ्यांची मते मोजून आले नव्हते. घरी कोकणी बोलणाऱ्या मला तर आणखी एक आठवण देता येईल. कोकणी ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असे कित्येक नामवंत मराठी विद्वान सांगत असत. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली. आमच्या स्वयंपाकघरात ती त्याआधीही बोलली जातच होती. मला मराठीचा अभिमान आहे, म्हणूनच हे मोकळेपणाने लिहितो.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाऐवजी अशा सहजीवनास दुसरी एखादी कायदेशीर मान्यता द्यावी काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली व ती मागणीही फेटाळली गेली. पुनर्विचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाले. विवाहाचा कायदा करणे आता संसदेच्या हाती आहे. तो तिने करावा, असे माझे मत आहे. ज्यांचे याहून वेगळे असेल त्यांच्याशी माझे भांडण नाही.

मात्र एक व्यवहाराची गोष्ट त्यांनी पाहावी. २०२४ मध्ये केंद्र शासनाने अशा जोडीदारांस शिधापत्रिकेसाठी एकाच घरचे समजावे, असे राज्यांस कळविले; संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घालण्यास आडकाठी नसल्याचेही स्पष्ट केले. म्हणजे शिधा एक आणि खातेही एक. परंतु त्या दोघांपैकी एकाचे मृत्युपत्र न करता निधन झाले, तर ज्या घरात दोघांनी संसार केला, त्या घरातील मृताच्या वाट्यावर मागे राहिलेल्याचा वारस म्हणून काडीचाही हक्क नाही. तो दूरच्या पुतण्याकडे जाऊ शकतो.