बंडखोराचे देखणेपण आणि हजेरीचा प्रश्न

मराठी समीक्षेने ‘रोमँटिक’ या संज्ञेचा जितका सैल वापर केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या संज्ञेचा केला असेल. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीच्या वाट्याला ही संज्ञा दोन परस्परविरोधी अर्थांनी आली. अभिजन अभिरुचीने तिला रंजनप्रधान आणि भडक ठरवून बाजूला सारले. गौरवाच्या भाषेने घोड्यावरचा, तलवार उपसलेला फकिरा तेवढा उचलला आणि त्याचा पुतळा केला. या दोन्ही भूमिकांचे गृहीतक मात्र एकच आहे: बंडखोर स्वेच्छेने, स्वतःच्या साहसाच्या बळावर कायद्याबाहेर जातो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या गृहीतकाला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या परिसरात बंजारा तांडे आहेत. शासकीय यादीत बंजारा समाज ‘विमुक्त जाती’ या वर्गात येतो. तिकडून पदव्युत्तर वर्गात आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘फकिरा’वरील चर्चेत विचारले होते, ‘सर, फकिराचे समजले. पण ज्याने काहीच लुटले नाही, त्याची हजेरी कशासाठी?’ साहस, बंड, अद्भुतता या आमच्या सर्व संज्ञा त्या प्रश्नापुढे अपुऱ्या ठरल्या.

कारण हजेरीचा संबंध कृत्याशी नव्हता, जन्माशी होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर नेली. जमातच्या जमात नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, प्रसंगी सोलापूरसारख्या ‘सेटलमेंट’मध्ये कुंपणाआड ठेवायचे, अशी ही यंत्रणा होती. ज्याचे नाव जन्मतःच गुन्हेगारांच्या नोंदवहीत, त्याने ‘कायदा मोडला’ या विधानाला अर्थ तरी कोणता उरतो?

अशा वेळी एरिक हॉब्सबॉम यांची ‘सामाजिक दरोडेखोर’ ही संकल्पना चर्चासत्रांतून हटकून पुढे येते. त्यांचा ‘प्रिमिटिव्ह रेबेल्स’ हा ग्रंथही योगायोगाने १९५९ चाच. राज्यसंस्था ज्याला गुन्हेगार म्हणते आणि शेतकरी ज्याला नायक मानतात, असा हा दरोडेखोर. अँटन ब्लॉक यांनी १९७२ मध्ये त्यावर हरकत घेतली: असे दरोडेखोर पुष्कळदा जमीनदारांचेच हस्तक असतात आणि लोकमानस त्यांचे मिथक रचते. पण या वादातील दोन्ही पक्ष व्यक्तीपासून आरंभ करतात. आपल्याकडे समूह आधी गुन्हेगार ठरला. व्यक्तीची कृती नंतरची. हा क्रम न पाहता केलेली संकल्पनेची आयात म्हणजे वैचारिक आळस होय.

उमाजी नाईक यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. आज त्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एका रामोशी वीराला क्रांतिकारकाचे पद देणाऱ्या समाजाने रामोशी जातीवरचा संशय मात्र सोडला नाही. नायकाला वेगळा काढला की समूहाला विसरणे सोपे जाते. रोमँटिक आकर्षणाचे हेच खरे राजकारण आहे.

येथे एक न्याय्य प्रतिवाद संभवतो. ज्यांना दप्तरांनी केवळ चोर म्हटले, त्यांना भव्यता देणे ही अण्णा भाऊंची जाणीवपूर्वक कृती होती. हे मान्य. पण ती भव्यता हजेरीच्या अपमानासमोर उभी आहे, म्हणून तिला वजन आहे. पार्श्वभूमीतून हजेरी पुसली की उरते ते केवळ देखणे शौर्य.

म्हणून ‘फकिरा’ ही संहिता लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) यांच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. या आत्मकथनांत घोडा नाही, तलवार नाही. भूक, पोलीस आणि भटकंती आहे. साहसाची झळाळी ओसरल्यावर तोच कायदा कसा जगावा लागतो, हे तेथे दिसते.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला, तोही १९५९ मध्येच. तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत यावे लागले. फकिराचे शौर्य आमच्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे विचारले जाते. फुलसावंगीकडच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांत कधी आलेला नाही.