गाडी जाम झाली? जोर लावू नका, घाईच पडते महागात!

पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी असलेली गाडी एक दिवस जागची हलतच नाही. मग सोसायटीतले चार जण धक्का मारतात, कोणी ॲक्सिलरेटर दाबून रेटतो, कोणी बॅटरी उतरेपर्यंत सेल मारत राहतो. किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते, ते इथेच.

ब्रेक का पकडतात?

ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला की मागच्या चाकांतील ब्रेक शू ड्रमला टेकून राहतात. लोखंडी ड्रमवर गंज चढतो आणि शू त्याला चिकटतात. डिस्कवरच्या तांबूस थराला मात्र घाबरू नये. चार-दोनदा ब्रेक दाबले की तो निघून जातो.

अशा वेळी हँडब्रेक सोडून गाडी हळूच मागे-पुढे करून पाहावी. बहुतेकदा ‘टक’ आवाज होऊन चाक सुटते. न सुटल्यास मेकॅनिकला बोलवावे. रेटून चालवल्यास शूवरचे लायनिंग उखडू शकते. चाक सुटल्यावरही जळका वास आला किंवा एकच चाक जास्त तापले, तर ब्रेक अजून पकडतो आहे असे समजावे.

इंजिन सीज झाले तर?

अनेक महिने बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. मेकॅनिक स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल टाकतो, एक-दोन दिवस थांबतो आणि मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहतो. आधीच सेल मारला तर रिंगा तुटू शकतात.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा धोका याहून मोठा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पुन्हा चावी फिरवू नये, गाडी टो करूनच न्यावी. टोइंगचा खर्च इंजिनच्या कामापुढे काहीच नाही.

विम्याचे काय?

पाण्यात गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले, तर नेहमीच्या पॉलिसीत तो दावा बहुतेकदा नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे वेगळे कवच घ्यावे लागते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. दर पावसाळ्यात रस्ते तुंबणाऱ्या शहरांत ही अट बारीक अक्षरांत राहता कामा नये. पॉलिसी विकतानाच ती ग्राहकाला स्पष्ट सांगितली पाहिजे आणि ग्राहकानेही सही करण्याआधी विचारली पाहिजे.

आधीच काय करावे?

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’वर. हँडब्रेक न ओढता चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत. आठवड्यातून एकदा गाडी थोडी चालवून, ब्रेक दाबून आणावी. एवढी काळजी घेतली तर गाडी जाम होण्याची वेळ सहसा येत नाही.