गोगलगाय आणि मासा

महात्मा फुले मंडई या नावाइतका खमंग विनोद पुण्याने दुसरा केला नसेल. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे नगरपालिकेत बजावले ते जोतीरावांनी. इमारत १८८६ साली उभी राहिली ती गव्हर्नर रे यांच्या नावाने. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले ते तिला विरोध करणाऱ्याचेच. आज मेथीची जुडी पिशवीत टाकताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. विसंगती पचवायची म्हणजे अशी.

याच शहराला २०१२ साली एक व्यंगचित्र पचले नाही. चित्र शंकर यांचे, १९४९ सालचे. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. अकरावीच्या राज्यघटनेवरील पाठ्यपुस्तकात ते छापलेले होते. ११ मे रोजी संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र काढण्याचे जाहीर केले आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

राग खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर वळ उठले, त्यांना चित्रातला चाबूक नुसती शाईची रेघ वाटत नाही. वर्गात ते पान उघडल्यावर कोण हसेल आणि कुणाकडे बघून हसेल, ही धास्तीही रास्तच. परंतु टेबल उलथून या धास्तीचे उत्तर मिळत नाही. चित्र गाळूनही मिळत नाही. उलट, घटना गोगलगायीच्या गतीने चालली आहे या शंकर यांच्या टोमण्याला खुद्द घटनाकारांकडे किती झकास उत्तर होते, ते सांगायची संधी त्या पानाबरोबर गेली.

बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते, असा तर्क लढवण्याचे कारणच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण घटना समितीच्या कामकाजात छापलेले आहे. दिरंगाईचा आरोप त्यांनी आकड्यांनी खोडला: अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली खरी, पण तिची कलमे सात, आपली ३९५. सुचवलेल्या दुरुस्त्या साडेसात हजारांवर, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या त्या २,४७३. ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षे लागली. इथवर वकील बोलत होता. पुढे मिश्कील माणूस बोलू लागला. सभासद नझीरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला ‘ड्राफ्टिंग’ नव्हे, ‘ड्रिफ्टिंग’ कमिटी म्हटले होते. मराठीत सांगायचे तर भरकट समिती. बाबासाहेबांनी ती कोटी जशीच्या तशी उचलली. भरकटण्याचेही दोन प्रकार असतात, एक सुकाणू सुटलेले आणि एक सुकाणू हाती असलेले, अशा अर्थाने त्यांनी ती परतवली. समिती नशिबावर हवाला ठेवून गळ टाकून बसली नव्हती. ओळखीच्या पाण्यात, हवा तोच मासा शोधत होती. एवढ्यावर न थांबता, सभागृहातल्या बंडखोरांचे त्यांनी नावे घेऊन आभार मानले. त्यात कामत होते, विदर्भातले पंजाबराव देशमुखही होते. सगळेच होयबा निघाले असते तर कामकाज रटाळ झाले असते, ही त्यांची कबुली.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांनीही १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिताना मध्येच तोंड घालणारा एक विदूषक ठेवला आणि खरे बोलण्याचे काम त्याच्याकडे दिले. तेव्हा गुरूला आणि शिष्यालाही थट्टेचे वावडे नव्हते. ते आलेच असेल तर जयंत्या साजऱ्या करणाऱ्या आम्हांला.

येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळाशाळांतून उद्देशिकेचे वाचन होईल. ते झाले की गुरुजींनी आदल्या दिवशीचे ते भाषणही मुलांना वाचून दाखवावे. आणि वाचताना माशाचा परिच्छेद गाळू नये.