होडीवरचा तंबू



बारामतीच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे की, त्याने व त्याच्या मित्राने मिळून चौदा फुटी शिडाची होडी घेतली आहे. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूस, हिवाळ्यातील एक रात्र तिच्यातच निजून काढण्याचा विचार आहे. तर दुकानातील ताडपत्री वर टाकून भागेल काय? भागेल असे वाटते खरे, पण भागत नाही. त्याची कारणे सांगता सांगताच तंबूची सारी रचना सांगून होईल.

असा प्रश्न व्यापारी घरातून आला याचे मला नवल वाटत नाही. ओळीच्या दिवसांत श्रीपाळ राजाची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना धवल शेठची जहाजे ठाऊक असतात. आणि ज्यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ ही तिची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उसाच्या मळ्यांतून समुद्राकडे पाहणारी माणसे आपल्यात होऊन गेली आहेत.

छोट्या होडीत निजण्याची कल्पनाही नवी नाही. फ्रँक डाय या इंग्रज गृहस्थाने १९६३ मध्ये सुमारे सोळा फुटांच्या उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. आपल्याला इतके धाडस करावयाचे नाही; किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक रात्र काढावयाची आहे.

आता रचना. शिडाच्या तळाशी जो आडवा दांडा असतो, ज्याला सारे बूमच म्हणतात, तोच आपल्या तंबूचे आढे. शीड काढून पिशवीत भरावे. रात्री तीच उशी होते. बूमचे पुढील टोक डोलकाठीशी, शीड चढविण्याच्या दोरीने उचलून बांधावे. मागील टोकासाठी एक दुबेळके करून ते होडीच्या पाठीमागच्या फळीला घट्ट बसवावे. कापड या आढ्यावरून दोन्ही बाजूंस खाली येते, होडीच्या कडेवरून बाहेर उतरते आणि कडेखाली बांधले जाते. कापड कडेच्या आत खोचले तर पाघोळ्याचे पाणी थेट अंथरुणात येईल.

माप काढण्यासाठी होडी जमिनीवर असतानाच जुन्या चादरी वर टाकून टाचण्या लावाव्यात व त्यावर खुणा कराव्यात. कागदावरचा हिशेब पडताळ्यापुरता ठेवावा. होडीची रुंदी १७० सेंटिमीटर धरली, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ८५. आढे कडेपेक्षा ७५ सेंटिमीटर उंच. तर उतरती बाजू सुमारे ११३ सेंटिमीटर भरते. कडेखाली उतरण्यास २० आणि दुमडीस ५ मिळविले की एका बाजूस १३८, दोन्ही मिळून २७६. दीड मीटर पन्ह्याचे कापड घेतल्यास अशा दोन पट्ट्या जोडून डोलकाठीपासून मागपर्यंतची तीन मीटर लांबी जवळजवळ पुरी होते. पुढचे-मागचे पडदे धरून नऊ मीटर कापड पुरे.

पट्ट्या लांबीने न लावता आडव्या, म्हणजे एका कडेवरून आढ्यावर व तेथून दुसऱ्या कडेवर अशा घ्याव्यात. मग आढ्यावर शिवण येत नाही आणि मधल्या एकुलत्या शिवणीच्या दिशेनेच पाणी ओघळते. ते शिवणीवर थांबत नाही. ही शिवण दुहेरी दुमडीची असावी.

कापडाबाबत माझे मत स्पष्ट आहे. मार्केट यार्डात धान्यावर व कांद्यावर टाकतो ती प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी उत्तम अडविते, पण वाफही अडविते. निजलेली दोन माणसे रात्रभरात श्वासातून व अंगातून जी वाफ सोडतात, ती थंड छतास लागून थेंब होऊन अंगावर गळते. बाहेर टिपूस नसताना आत पाऊस! हिवाळ्यात भीती पावसाची नव्हे, दवाची असते. म्हणून घट्ट विणीचे हलके सुती कॅनव्हास घ्यावे. चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचे घेतले तर सारा तंबू चार किलोच्या आसपास होतो. कोरे कॅनव्हास पहिल्या भिजण्यात आटते, म्हणून कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे. भिजल्यावर त्याचे सूत फुगते व वीण बंद होते. मात्र ओल्या छतास आतून बोट लावू नये, लागले की तेथेच गळती सुरू. शिवणीवर मेण घासण्याची जुनी रीत आहे. तेथे मधमाश्यांचे मेण नको, पॅराफिनचे चालते; आपल्या वाचकांस कारण सांगावयास नको.

हवा खेळती राहावी म्हणून पुढे व मागे वरच्या कोपऱ्यात हातभर झरोके ठेवून त्यांना मच्छरदाणीची जाळी शिवावी, आणि मागील दाराला जाळीचा दुसरा पडदा लावावा. फुगवट्याच्या काठी सायंकाळी डास-चिलटे किती असतात हे तेथे गेलेल्यांना ठाऊक आहे. कोंदट तंबूत डासांची कॉइल लावणे जीवांनाही घातक आणि आपल्या छातीलाही.

होडीत निजणाऱ्यांना जे नियम मुद्दाम शिकवावे लागतात, ते आपल्या घरांत बहुतेक आधीच असतात. कापडाच्या तंबूत शेगडी पेटवू नये. आग आणि धुराचा विषारी वायू, दोन्हींचा धोका. सूर्यास्तापूर्वी किनाऱ्यावर जेवून घेणाऱ्याला शेगडी लागतच नाही. दिवा लावला की किडे झेपावतात. चोविहाराचा नियम असलेल्याला दिव्याचे कामही फारसे उरत नाही. ज्यांचे प्रतिक्रमण असेल त्यांनी तेही काठावर आटोपावे व मगच होडीत चढावे.

घरातील वडीलधारे अनर्थदंडाचा प्रश्न काढतील, आणि तो गैर नाही. निव्वळ हौसेखातर जलजीवांना व पाखरांना त्रास किती द्यावा? माझ्यापुरते उत्तर इतकेच: इंजिन लावू नये, रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ होडी नेऊ नये, पाण्यात काहीही टाकू नये. ज्यांना हेही पटत नसेल त्यांनी तंबू अंगणात लावावा. मुलांना तो तेथेही आवडेल.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट वाऱ्याची. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट याच उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. नेहमीच्या वाटेवरची बोट होती ती. तंबू लावलेली होडी म्हणजे गुंडाळता न येणारे शीड उभारलेली होडी. म्हणून वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात हा बेत मनातही आणू नये. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर माघापर्यंतचा काळ योग्य. आणि त्यातही हवामानाचा अंदाज पाहूनच.

नांगर होडीच्या नाकाकडून टाकावा, म्हणजे होडी वाऱ्यास तोंड देऊन राहते. तो टाकताना तळाचा विचार करावा. १९८० मध्ये धरण पुरे झाले तेव्हा जुनी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाणी फार ओसरले की आजही वर दिसते. भिंती, खुंट, बाभळीचे बुंधे यांत नांगर अडकला तर अंधारात सुटत नाही. शक्य तर कमरेइतक्या पाण्यात राहावे, पण उतरण्यापूर्वी वल्ह्याने तळ चाचपावा; काळ्या मातीचा गाळ माणसाला गुडघाभर धरून ठेवतो. जलाशय सरकारी आहे. जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी, पोलीस ठाण्यात कळवावे आणि स्थानिक नावाड्याला जागा दाखवून ठेवावी. पोहता न येणाऱ्याने व लहान मुलांनी होडीत निजू नये, हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

तंबूच्या साऱ्या दोऱ्या सुरगाठीने बांधाव्यात; एकही निरगाठ नको. दाराला चेन लावण्यापेक्षा ओढताच सुटणारे बंद बरे, आणि बाहेर पडण्यास दोन वाटा असाव्यात. जीवरक्षक जाकिटे अंगात घालूनच निजावे. अवघडल्यासारखे होते, होऊ द्यावे. उशाशी एक कात्री. जाण्यापूर्वी घरामागे, दिवा मालवून, तालीम करावी: दोघांनी आतून निघून तंबू खाली पाडावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. मिनिटाहून अधिक लागत असेल तर कापड कितीही सुंदर शिवलेले असो, तो तंबू पाण्यावर नेऊ नये. दोऱ्या कमी करून पुन्हा बांधावा.

पहाटे दवाने कॅनव्हास जड होईल. ते तसेच घडी घालून ठेवल्यास दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणजे कापडही गेले आणि अनंतकाय जीवांची उत्पत्तीही आपल्या हातून झाली. काठावर वल्ही रोवून त्यांवर ते उन्हात पसरावे. वाळेपर्यंत तास-दोन तास लागतात. तेवढ्यात नवकारशी होते, आणि समोर पट्टकादंब हंसांचे थवे पाण्यावरून उठताना बसल्या जागी दिसतात.