न मोजलेल्या ओढ्याचे पाणी



मुरबाड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घराखालच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालून भेंडी-काकडी करायचा त्यांचा विचार आहे. इंजिनासाठी कर्ज काढायचे घाटते आहे; पण ओढ्याला पाणी किती आणि कुठवर टिकेल, हे सांगणारा कोणी भेटत नाही. भेटणार कसा? मोठ्या नद्यांवर ठिकठिकाणी पाणी मोजण्याची सोय असते. त्यांना मिळणाऱ्या ओढ्या-ओहोळांना मोजपट्टी कधी लागलीच नाही.

अडचण जुनी आहे. मुंबई इलाख्यात तलाव बांधणाऱ्या इंजिनियरांपुढेही ती होती. स्ट्रेंज या इंजिनियराने १८९२ साली कोष्टके तयार केली : पाणलोट चांगला, मध्यम की वाईट हे ठरवायचे आणि पावसावरून वाहून येणारे पाणी काढायचे. (वाईट म्हणजे पाणी जिरवणारा! तलाव बांधणाऱ्याला तो वाईट, आपल्याला तोच चांगला.) पुढे १९३० च्या सुमारास इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या मोजमापांवरून दोन सूत्रे दिली, एक घाटातल्या पाणलोटासाठी, दुसरे देशावरच्यासाठी. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या विहिरीचा अदमास घ्यावा, तसाच हा प्रकार.

घाटाचे सूत्र सोपे आहे. वर्षाचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याचे शेकडा ८५ काढावेत आणि त्यातून साडेतीस वजा करावेत. २५० सेंटिमीटर पाऊस झाला तर १८२ सेंटिमीटर पाणी वाहून जाते. देशावर ५० सेंटिमीटर पाऊस झाला तर त्यांच्या दुसऱ्या सूत्राने जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर हाती लागते. पाऊस पाचपट, पण वाहते पाणी जवळजवळ तीसपट!

मग आपल्याकडे चैत्रात हंडे घेऊन का फिरावे लागते? कारण हा वर्षाचा आकडा आहे. पाणी केव्हा वाहते ते तो सांगत नाही. शहापूर तालुक्याचेच पाहा. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा तिथेच, आणि उन्हाळ्यात गावपाड्यांवर टँकरही तिथेच.

ठाण्याला कामाला आलात आणि टेंभी नाक्यावर सरीत सापडलात, तर जरा थांबून पाहा. डांबरावर पडलेले पाणी काही मिनिटांत गटारात जाते आणि सर थांबली की थोड्या वेळात गटार ओसरते. उघडाबोडका डोंगर बराचसा तसाच वागतो. झाडी आणि पालापाचोळा असलेल्या डोंगरात पाणी मुरते आणि दिवाळीनंतर झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येते. बंधाऱ्यात अडते ते हे पाणी. म्हणून एकाच पावसाच्या दोन शेजारच्या ओढ्यांत एक नाताळात आटतो, दुसरा होळीपर्यंत झुळझुळतो.

जगातल्या जलशास्त्रज्ञांनी २००३ ते २०१२ हे दशक मोजमाप नसलेल्या खोऱ्यांचा अंदाज बांधण्यासाठीच वाहिले होते. उपग्रह आले, संगणक आले. तरी जागेवर घेतलेली थोडीशी मोजमापेही मोठा आधार देतात, असेच दिसून आले. आणि ती आपल्याला घरच्या घरी घेता येतात.

ओढ्याचा सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. वाळकी काटकी सोडा आणि घड्याळ लावा. समजा रुंदी ५० सेंटिमीटर, खोली १० सेंटिमीटर आणि काटकीला ५० सेकंद लागले, तर सेकंदाला दहा लिटर पाणी झाले. तळाचे पाणी वरच्यापेक्षा सावकाश चालते, म्हणून त्यातले आठच धरा.

हे नोव्हेंबरच्या मध्यावर करा, बंधारा घालण्याआधी किंवा त्याच्या वरच्या अंगाला. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा मोजा. आठाचे सहा झाले असतील तर पाणी पाऊणपट झाले. पुढेही ते साधारण त्याच पटीने उतरते : साडेचार, साडेतीनच्या आत, अडीच, आणि फेब्रुवारीअखेर एक लिटर. तिसरे मोजमाप अंदाजाशी जुळले नाही, तर नवी पट धरा. एका वर्षावर मात्र विसंबू नका. परतीचा पाऊस लांबला की ओढा फसवा दिसतो. गावातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायकांना, वाईटातल्या वाईट साली ओढा कोणत्या सणाला आटला होता ते विचारा.

सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६ हजार लिटर. निम्मे पाटात आणि जमिनीत गेले असे धरू. भाजीच्या एकराला उन्हे तापल्यावर रोज २० हजारांच्या आसपास लागते. हिशोब दोन एकरांचा बसतो. पण खालच्या पाड्याची गुरे त्याच ओढ्यावर पाणी पितात. भगिनींनी एक एकर लावावा आणि पहिल्या वर्षी इंजिन विकत न घेता भाड्याने आणावे.